खटपटताईंचे हात

खरं सांगतो, खटपटताई आमच्या शाळेत आल्या तेव्हा त्या मला डोळ्यांसमोर नको होत्या. भांडण कसलंच नव्हतं. माझ्या प्रयोगशाळेचा अर्धा भाग कापून त्यांना दिला होता, एवढंच. एकतीस वर्षं मी त्या खोलीचा सहायक आहे. काचेची नळी इकडची तिकडे झाली तरी काकांना झोपेत कळतं, असं मुलं म्हणतात, आणि ते फारसं खोटं नाही. अशा खोलीत मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मधोमध दोन कपाटं उभी करायला लावली आणि पलीकडे रोबोट बनवायचा वर्ग सुरू केला. भटाला दिली ओसरी, असं मी त्याच दिवशी शिपायाला बोलून दाखवलं. पाय पसरायला फार दिवस लागले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात माझ्या वजनकाट्याशेजारी मोडक्या खेळण्यांचं पोतं येऊन बसलं.

बुटक्या, दणकट, पन्नाशीच्या बाई. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली. जगाचं दुरुस्त करणाऱ्याचं स्वतःचं असंच असतं. चालताना कुठल्या ना कुठल्या खिशात काहीतरी खुळखुळायचं. नाव चांगलं भारदस्त होतं, पण पहिल्याच आठवड्यात मुलांनी त्यांची खटपटताई केली आणि खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. शिक्षकी पेशा त्यांचा नव्हताच. बाजारात छोटं दुकान होतं. घड्याळ, शिलाई मशीन, मिक्सर, पंखा, जे बंद पडेल ते उघडायचं. शाळेतही त्या आल्या त्या घंटा दुरुस्त करायला. विजेची घंटा तीन दिवस मुकी होती. ताई शिडीवर चढल्या आणि खाली पोरांचा घोळका जमला. मी त्यांना हाकलत होतो. ताईंनी घंटा उतरवली, खाली आणून फरशीवर ठेवली आणि स्क्रूड्रायव्हर समोरच्या पोराच्या हातात दिला. वीस मिनिटांच्या कामाला दोन तास लागले. दोन तास सगळी शाळा बेशिस्त, आणि मोठ्या बाई खूश! मी कपाळाला हात लावला.

असं का करता, हे मी त्यांना नंतर एकदा विचारलं होतं. विचारलं म्हणजे टोमणाच मारला होता. त्या सोल्डरिंगच्या धुरात खोकत होत्या.

"माझे वडील घड्याळजी," त्या म्हणाल्या. "मी चिमटा धरला की दोन मिनिटांत म्हणायचे, दे इकडे. प्रेमानं म्हणायचे हो, कधी रागावले नाहीत. पण पंधरा वर्षं त्यांच्या शेजारी बसून मला एक घड्याळ धड उघडता येत नव्हतं. ते गेले तेव्हा दुकानात चाळीस घड्याळं पडलेली आणि गिऱ्हाइकं दारात."

"मग?"

"मग काय, उघडली. पहिली सहा मारली. सातवं चाललं."

म्हणून त्यांच्या वर्गात एकच नियम होता. दुसऱ्याच्या हातातलं काम काढून घ्यायचं नाही. तो त्यांना स्वतःलाही लागू होता. मुलांचं काही अडलं की ताई टेबलापाशी येऊन उभ्या राहायच्या, दोन्ही हात पाठीमागे एकमेकांत अडकवून, आणि विचारायच्या, "काय होतंय? आणि काय व्हायला हवं होतं?" बस्स. पुढचं मुलांनी बघायचं. एका मुलीचा एवढासा दिवा अडीच आठवडे लागला नाही. कुठली वायर सुटली आहे ते मला कपाटाच्या फटीतून दिसत होतं. माझे हात शिवशिवायचे. पोरगी रडकुंडीला आली तरी ताई ढिम्म. शेवटी दिवा लागला तेव्हा त्या मुलीने जी आरोळी ठोकली, तिने माझ्या हातातलं चंचुपात्र पडून फुटलं. ते मी ताईंच्या नावावर लिहून ठेवलं.

या हटवादीपणाची किंमतही त्यांनी मोजली होती. गेल्या वर्षी शाळाशाळांच्या स्पर्धेत आमची गाडी ऐन वेळी हललीच नाही. बाकीचे शिक्षक टेबलांखाली घुसून मुलांच्या गाड्या स्वतः नीट करत होते आणि आमच्या ताई हात मागे बांधून उभ्या. "तुम्ही शिकवता की गंमत बघता?" एका मुलाचा बाप सगळ्यांसमोर ओरडला. आम्ही शेवटून पहिले आलो. ही बातमी संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत गेली आणि तिथे ती मुरली.

यंदा अध्यक्षांचं पत्र आलं. सराव परीक्षांसाठी खोली हवी आहे, रोबोटचा वर्ग बंद करावा. मोठ्या बाईंनी गयावया करून एक संधी मिळवली. अध्यक्ष शुक्रवारी तीन वाजता स्वतः येतील, पंधरा मिनिटं बघतील आणि तिथल्या तिथे काय ते सांगतील. चाललं तर वर्ग राहील, नाही तर सोमवारी ताईंनी आपली पोती उचलायची. दुकान त्यांनी वर्षापूर्वीच पुतण्याला देऊन टाकलं होतं. "तिथे परत जाऊन काय करू?" त्या मला म्हणाल्या. "सवय मोडली ना एकटीनं दुरुस्त करायची."

दाखवायचं होतं ते केरोबाला. केर काढतो म्हणून केरोबा. वर्गात अकरा मुलं, पण हा मुख्यतः दोघांचा. एक ढापणी, जाड भिंगांची, दिवसाला दहा शब्द बोलणारी मुलगी. दुसरा भोंगा, जो तिचे उरलेले सगळे शब्द बोलायचा. डब्याचं झाकण, मोडक्या खेळण्यांतल्या दोन मोटरी, पुढे जुन्या टूथब्रशांची रांग. टेबलावरची पेन्सिलीची टरफलं ढकलत कडेपर्यंत न्यायची, खालच्या टोपलीत पाडायची आणि स्वतः मात्र पडायचं नाही, एवढंच केरोबाचं काम. त्यासाठी ब्रशांच्या मागे खाली बघणारे दोन सेन्सर होते. समोर टेबल संपलं की गाडी जागच्या जागी थांबायची. हे 'एवढंच' जमायला चार महिने लागले होते.

शुक्रवारी डब्याच्या सुट्टीत खोलीत कुणी नव्हतं. मी सहज पलीकडे गेलो. सहज कसला, मला राहवत नव्हतं. केरोबा टेबलावर उताणा पडला होता, आणि मला दिसलं की दोन्ही मोटरींच्या वायरी उलट आहेत. लाल वायर काळ्या खुणेला, काळी लाल खुणेला. समोरच्याच भिंतीवर माझ्या अक्षरातला तक्ता, 'लाल ते लाल, काळी ते काळी', सहा वर्षं टांगलेला! दोन तासांनी अध्यक्ष येणार आणि या पोरांनी इतकी ढोबळ चूक करून ठेवली आहे! ताईंना सांगावं तर त्या हात मागे बांधून म्हणणार, मुलांना सापडेल. मी दार लोटलं, छोटा स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चारही वायरी नीट जागच्या जागी लावल्या. मनात म्हटलं, काका, आज तुम्ही या बाईंचा वर्ग वाचवलात.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं ते आत्ताच सांगून टाकतो. वायरी उलट आहेत हे मुलांना महिन्यापूर्वीच कळलं होतं. गाडी पुढच्याऐवजी मागे जात होती. पण चारही स्क्रू सोडून पुन्हा आवळत कोण बसणार, म्हणून ढापणीने प्रोग्रॅममध्येच 'पुढे' आणि 'मागे' यांची अदलाबदल केली होती. चुकीवर चूक बसवून तिने बरोबर उत्तर काढलं होतं. मी त्यातली एक चूक काढून घेतली.

सुट्टीनंतर मुलं तासांना बसली, केरोबाला कुणी हात लावला नाही, आणि तीनला पाच मिनिटं असताना अध्यक्ष आले. उंच, वाळके, घड्याळ बघत बोलणारे गृहस्थ. "साडेतीनला मला दुसरी बैठक आहे," खुर्चीत बसण्याआधीच त्यांनी सांगितलं. मोठ्या बाईंनी हातरुमालाची पार घडी घडी केली होती. ताई भिंतीशी उभ्या होत्या. भोंग्याने घसा खाकरून पाठ केलेलं भाषण ठोकलं, ढापणीने टेबलभर टरफलं पसरली आणि केरोबाला टेबलाच्या या टोकाला ठेवलं. त्याच्या मागे कड वीतभर अंतरावर होती. पण मागे कोण बघतो? त्याला पुढे जायचं होतं.

ढापणीने बटण दाबलं.

केरोबा मागे गेला. थेट, जोरात. त्याचे डोळे पुढे, पुढे टेबलच टेबल, मग तो थांबेल कशाला? भोंगा झेपावला पण त्याचं बोट नुसतं ब्रशांना लागलं. फरशीवर आवाज झाला आणि एक चाक गडगडत जाऊन अध्यक्षांच्या बुटाला टेकलं.

वायरी! दुसरं काही असूच शकत नव्हतं. ते का झालं हे अजून मला कळत नव्हतं, पण कुणामुळे झालं हे पुरतं कळलं होतं.

"हं," अध्यक्ष म्हणाले आणि चाक उचलून टेबलावर ठेवलं. "अजून बारा मिनिटं आहेत."

"तू काल प्रोग्रॅम बदललास!" भोंगा ढापणीवर ओरडला.

"नाही."

"मग मागे कसा गेला?"

"माहीत नाही."

"चार महिने! चार महिने गेले आपले!" भोंग्याचा आवाज फाटला. बाकीची मुलं गाडीभोवती गोळा झाली. कुणी म्हणालं बॅटरी उतरली, कुणी म्हणालं सेन्सर गेला. एक जण रडायलाच लागला.

"ताई, तुम्ही बघा ना," मोठ्या बाई कुजबुजल्या. "तुमचं एका मिनिटाचं काम. आजच्या दिवस."

ताई पुढे आल्या. फरशीवर उताण्या पडलेल्या गाडीवर वाकल्या. चष्मा सावरला. त्यांची नजर वायरींवर गेली, तिथेच थांबली, मग भिंतीवरच्या माझ्या तक्त्यावर गेली आणि तिथून सरळ माझ्यावर आली. माझं तोंड तेव्हा कसं दिसत होतं देव जाणे. त्यांना सगळं कळलं. मी वाट बघत होतो की आता त्या बोलणार, आणि खरं सांगायचं तर बोलल्या असत्या तर माझी सुटकाच झाली असती. त्यांनी हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत अडकवले.

"काय होतंय?" त्यांनी मुलांना विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता. "आणि काय व्हायला हवं होतं?"

अध्यक्षांनी सुस्कारा सोडला. "ताई, मुलांना असं वाऱ्यावर सोडणं मला पटत नाही. गेल्या वर्षीही हेच ऐकलं होतं."

ताईंनी मागे अडकवलेले हात सोडले नाहीत. आणि मी? मी मूग गिळून उभा होतो. दोन वर्षांत निवृत्ती, एकतीस वर्षांत एक ठपका नाही, आणि आता अध्यक्षांसमोर सांगू की मी मुलांच्या वस्तूला गुपचूप हात लावला? मनाला समजावत होतो की मुलांना सापडेल. ज्या वाक्यावर मी दीड वर्ष हसलो, तेच वाक्य लाज झाकायला हाताशी धरलं होतं.

ढापणी मात्र रडली नाही. तिने केरोबा उचलला, हवेत धरला आणि बटण दाबलं. उरलेलं चाक फिरलं, दुसरीकडचा नुसता दांडा फिरला.

"दोन्ही उलट फिरतायत," ती म्हणाली.

"मग?" भोंगा म्हणाला.

"एकच मोटर बिघडली असती तर गाडी गोल फिरली असती. सरळ मागे गेली. म्हणजे मोटर नाही. दोन्हींना एकदम काहीतरी झालंय." तिने एका दमात इतकं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. "तू प्रोग्रॅम वाच. मी वायरी बघते."

भोंगा लॅपटॉपवर पडला. ओठ हलवत एकेक ओळ वाचू लागला. ढापणीने केरोबा टेबलावर उताणा केला आणि बॅटरीपासून एकेक वायर बोटाने चाचपत निघाली. घड्याळाचा काटा पुढे चालला होता. अध्यक्षांनी मनगटाकडे पाहिलं, मग ते उठले आणि मुलांना "प्रयत्न चांगला होता" म्हणाले. हे वाक्य मला माहीत आहे. नापास मुलांच्या वहीवर लिहितात ते. अध्यक्ष दाराबाहेर पडले आणि मोठ्या बाई त्यांच्या मागे धावल्या.

"प्रोग्रॅम जसाच्या तसा आहे," भोंगा म्हणाला.

"लाल लालला आहे," ढापणी म्हणाली. ती वायरींकडे बघतच राहिली. "हे कुणीतरी बरोबर केलंय."

अकरा मुलं एकमेकांकडे बघत होती. माझ्याकडे एकही बघत नव्हतं. काकांवर संशय घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि तेच मला सोसेना.

मी धावलो. या वयात, गुडघ्यांसकट. अध्यक्ष जिन्याच्या चौथ्या पायरीवर होते.

"साहेब, थांबा. वायरी मी बदलल्या. मुलांना न विचारता."

ते वळले. "तुम्ही बिघडवलीत गाडी?"

"नाही. बरोबर केली."

"बरोबर केलीत तर बिघडली कशी?"

"ते मला नाही सांगता येत. त्या मुलीला येतं."

अध्यक्षांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता एकतीस वर्षांचा हिशोब इथेच जिन्यावर होणार. पण ते पायऱ्या चढून परत वर आले, मागोमाग मोठ्या बाईही.

ढापणीने वायरी पुन्हा उलट करायला घेतल्या होत्या. भोंगा निसटलेलं चाक दांड्यावर दाबत होता. ते डगडगत होतं. त्याने खोडरबराचा तुकडा कापून मधे ठोकला. अध्यक्ष शेजारी उभे राहिले. "बरोबर केल्यावर बिघडली, हे काय आहे?" त्यांनी विचारलं. ती मान वर न करता सांगत गेली. एक चाक, दोन चाकं, प्रोग्रॅममधली अदलाबदल, सगळं. त्यांनी मधे दोन प्रश्न विचारले. तिसरा विचारला तेव्हा घड्याळाचा हात खिशात होता.

केरोबाला पुन्हा टेबलावर ठेवलं. या वेळी भोंगा मागच्या कडेला ओंजळ धरून बसला. बटण दाबलं. गाडी किंचित लंगडत पुढे निघाली. टरफलं ब्रशांपुढे सरकू लागली. मधेच रबराचं चाक अडखळलं, गाडी तिरकी झाली, आणि कडेला पोचेस्तोवर निम्मी टरफलं बाजूने निसटली. कड जवळ आली. एक वीत. चार बोटं. दोन बोटं. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. टरफलं टोपलीत पडली आणि केरोबा थांबला, ब्रश हवेत आणि चाकं टेबलावर.

कुणीही ओरडलं नाही. भोंगासुद्धा नाही.

"मागच्या बाजूला सेन्सर का नाहीत?" अध्यक्षांनी विचारलं.

"सुचलं नाही," ढापणी म्हणाली. "आज सुचलं."

अध्यक्ष मोठ्या बाईंकडे वळले. "सराव परीक्षांना वरचा हॉल बघा. हा वर्ग इथेच राहू द्या." मग मला म्हणाले, "तुमचा लेखी खुलासा सोमवारी माझ्या टेबलावर हवा." आणि बैठकीला उशीर झाल्याचं बडबडत निघून गेले. मग मात्र पोरांनी छप्पर डोक्यावर घेतलं.

गलबला ओसरल्यावर मी ताईंकडे गेलो. त्या कपाटाला टेकून उभ्या होत्या.

"भाऊ, मला तुमचा राग आलाय," त्या म्हणाल्या. "लगेच जायचा नाही तो."

"तुम्हाला कळलं होतं. मग बोलायचंत ना."

त्यांनी हात पुढे केले. दोन्ही तळव्यांवर नखं रुतून लाल खुणा उठल्या होत्या. "फार मोठी समजू नका मला. आणखी एक मिनिट गेलं असतं तर मीच वायरी उपटल्या असत्या. मला हवा होता हो हा वर्ग. नियम गेला खड्ड्यात, असं म्हणून झालं होतं मनात." मग त्यांना रडू आलं, आणि ते मुलांना दिसू नये म्हणून त्या माझ्या बाजूच्या मोरीवर जाऊन तोंड धूत बसल्या. मी त्यांना माझा टॉवेल दिला. एकतीस वर्षांत तो कुणाला दिला नव्हता.

मुलं पांगली. ढापणी मागे राहून फरशीवरची टरफलं गोळा करत होती. माझ्यापाशी आल्यावर थांबली.

"काका, वायरी उलट दिसल्या तर आम्हाला का नाही विचारलंत? आम्ही बाहेर पायरीवरच डबा खात होतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कारण शोधायला लागलो. वेळ नव्हता म्हणावं, तर सबंध सुट्टी होती. तुम्ही घाबरला असतात म्हणावं, तर घाबरलो होतो मी. एकतीस वर्षांत मी मुलांना एकच प्रश्न विचारत आलो होतो, कुणी फोडलं? त्याहून दुसरा काही त्यांना विचारता येतो, हे माझ्या गावीही नव्हतं.

"सुचलंच नाही गं," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. तिच्या हिशोबाने हे पुरेसं कारण होतं. "मग आता विचारा," ती म्हणाली.

मी केरोबाला हात न लावता त्याच्यावर वाकलो. "या वायरी अशा उलट का लावल्या आहेत?"

ढापणीने स्टूल ओढलं आणि अगदी पहिल्या मोटरीपासून सांगायला घेतलं. शाळा सुटली तरी तिचं संपलं नव्हतं, आणि मीही कुलूप लावायला उठलो नाही.